वियोगदुःख आणि स्मरणधर्म

॥ श्रीपंचकृष्णेभ्यो नमः ॥

विषयप्रवेश

धाराशिव जिल्ह्यातील कळंब हे तालुक्याचे गाव मांजरा नदीच्या काठी वसलेले आहे. या परिसरात एखाद्या घरी मृत्यू घडला म्हणजे पहिले काही दिवस ते घर माणसांनी भरून जाते. भावकी जमते, सोयरे येतात, शेजारच्या बाया भाकरी आणि पिठले घेऊन येतात. दूरच्या गावी दिलेली लेक उंबऱ्यातच हंबरडा फोडते आणि घरातील सर्व स्त्रिया तिच्या गळ्यात पडून पुन्हा नव्याने रडतात. पुढे दिवस होतात, पाहुणे आपापल्या गावी परततात, शेतीची कामे कोणासाठी थांबत नाहीत. घर रिकामे होते आणि खरा शोक त्यानंतर सुरू होतो. सकाळी चहाचा एक पेला जास्त मांडला जातो. संध्याकाळी दाराची कडी वाजली की क्षणभर वाटते, तोच आला.

या रिकाम्या झालेल्या घरातला वासनिक मठात येतो, दंडवत घालतो आणि गप्प बसून राहतो. त्याला विचारावयाचे असते, पण शब्द सापडत नाहीत. त्याच्या मनातील प्रश्न बहुधा तीन असतात. उपदेश घेऊनही आपल्याला रडू आवरत नाही, तर आपले ज्ञान खोटे म्हणावे काय? गेलेल्या जीवाचे पुढे काय झाले? आणि त्याच्यासाठी आता आपण काय करावे?

हे तिन्ही प्रश्न गंभीर आहेत. त्यांची उत्तरे वेळीच मिळाली नाहीत तर वासनिकाची अनन्यता ढळते. कोणी त्याला पिंडाला कावळा शिवला की नाही ते विचारतो, कोणी अमुक दैवताचा कोप सांगतो, कोणी देवऋषाकडे नेतो. जो सुखात अन्य देवतेकडे वळला नाही तो दुःखात वळतो. म्हणून शोकाचे निरूपण हा केवळ मन रमविण्याचा विषय नसून धर्मरक्षणाचा विषय आहे. प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांचा क्रमाने विचार केला आहे.

पहिला प्रश्न : रडणे हा दोष आहे काय?

पूर्वपक्ष असा : जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य आहेत. जीव नित्य असल्यामुळे तो मरत नाही, देह मात्र जातो. हे ज्याला कळले त्याला शोक कसला? श्रीकृष्ण चक्रवर्तींनी गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुनाला हेच सांगितले. यास्तव जो रडतो तो अज्ञानी होय.

या पूर्वपक्षातील सिद्धांत खरा आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष उतावळा आहे. गीता कोणत्या प्रसंगी सांगितली गेली याचा विचार आधी करावा. त्या वेळी अर्जुनाचे कोणीही मेलेले नव्हते. पुढे जे मरतील त्यांच्या कल्पनेने तो आपले कर्तव्य टाकून बसला होता. तो शोक कर्तव्याच्या आड येत होता, म्हणून श्रीकृष्णांनी त्याचे खंडन केले.

आता तेराव्या दिवसाचा प्रसंग पाहावा. अभिमन्यू चक्रव्यूहात पडला. संशप्तकांशी लढून अर्जुन संध्याकाळी शिबिरात परतला तेव्हा वाद्ये वाजत नव्हती आणि कोणी त्याच्या नजरेला नजर देत नव्हते. पुत्र गेल्याचे कळताच त्याने मोठा विलाप केला. ज्याने प्रत्यक्ष परमेश्वराच्या मुखातून जीवाचे नित्यत्व ऐकले, विश्वरूप पाहिले, तोच हा अर्जुन. ऐकल्याला पुरते दोन आठवडेही झालेले नव्हते. ज्ञान झाल्यावर अश्रू येत नाहीत असे मानले तर गीतेचा उपदेश वाया गेला असे म्हणावे लागेल, आणि तसे म्हणण्यास कोणताही श्रद्धावान धजणार नाही.

या प्रसंगी श्रीकृष्णांनी काय केले हे विशेष ध्यानी घेण्याजोगे आहे. तू ज्ञानी असून रडतोस कसा, असे त्यांनी अर्जुनाला विचारले नाही. त्यांनी त्याला धरले. रणातून माघार न घेणाऱ्या शूरांचा मार्ग असाच असतो, असे सांगून पुत्राचा गौरव केला. मग त्याला भोवती पाहावयास लावले : तू शोकात बुडालास म्हणून तुझे बंधू आणि हे राजे खिन्न झाले आहेत, यांना तू धीर दे. नंतर अर्जुनाच्या विनंतीवरून ते स्वतः सुभद्रेकडे गेले. सुभद्रा त्यांची बहीण. तिने भावापुढे मन मोकळे करून विलाप केला आणि तो त्यांनी ऐकून घेतला.

यातून दोन गोष्टी सिद्ध होतात. अश्रू हा दोष नाही, ही पहिली. आणि शोकग्रस्ताला नुसते तत्त्व सांगून भागत नाही, त्याच्या हाती दुसऱ्याच्या सांत्वनाचे काम द्यावे लागते, ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीचा विस्तार पुढे येईल.

मग शोक हा विकार केव्हा होतो? तो कर्तव्य सोडावयास लावतो तेव्हा. तो आचार मोडतो, अन्न टाकून देहाला पीडा देतो, जिवंत माणसांकडे पाठ फिरवितो, परमेश्वराला निष्ठुर म्हणावयास लावतो किंवा अन्य देवतेच्या दारी नेतो तेव्हा. जोपर्यंत यापैकी काही घडत नाही तोपर्यंत डोळ्यांतील पाणी हे प्रेमाचेच पाणी होय. ते पुसण्याची घाई करू नये.

भटोबासांचा वियोग

पंथीयांना याहून जवळचा दाखला आपल्या घरातच आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी इ. स. १२७४ च्या सुमारास उत्तरापंथे गमन केले. मागे राहिलेल्या भक्तजनांची अवस्था काय झाली हे पंथाच्या स्मृतिग्रंथांतून कळते. श्रीनागदेवाचार्य, ज्यांना भटोबास म्हणतात, ते या मंडळीत सर्वांत दृढ. तेच विरहाने व्याकूळ झाले. ज्यांच्याभोवती सर्वांनी सावरावयाचे त्यांनाच सावरण्याची पाळी आली.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. परमेश्वराचा विरह आणि जीवाचा मृत्यू ही दोन निराळी दुःखे आहेत. परमेश्वरावताराचे सन्निधान गेले म्हणून होणारे दुःख हे साधनाच्या कोटीत येते. पुत्र, पती, माता यांच्यासाठी होणारे दुःख ममतेतून उपजते. भटोबासांचे दुःख आणि कळंबच्या वासनिकाचे दुःख एकाच तराजूत घालता येणार नाही. तथापि दुःखातून बाहेर येण्याची जी वाट भटोबास चालले ती शिकण्यास कोणालाही मनाई नाही. मोठ्या पुरात तरून गेलेल्याची वाट ओढ्यात अडकलेल्याला निश्चित उपयोगी पडते.

आणखी एक साम्य आहे. स्वामी गेले ते उत्तरेकडे. मागे देह नाही, समाधी नाही, अखेरचे दर्शन घेऊन परतावे असे स्थान नाही. ते आहेत ही श्रद्धा, पण येथे दिसत नाहीत हे दुःख. ज्यांना आपल्या माणसाचा अखेरचा निरोप घेता आला नाही त्यांना ही अवस्था नेमकी कळेल, आणि असे लोक या जिल्ह्यात थोडे नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजण्यापूर्वी काही मिनिटे, किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील गावे गणेशविसर्जनानंतरच्या झोपेतच गाडली गेली. सरकारी नोंदीप्रमाणे सुमारे आठ हजार माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. सास्तूरसारख्या गावांत रडावयास तरी घरटी कोण उरले हा प्रश्न होता. ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. पुढे २०२० आणि २०२१ च्या महामारीत अनेक घरांना आपल्या माणसाचे मुखही पाहता आले नाही. दवाखान्याच्या दारातून आत गेलेला माणूस पुन्हा दिसलाच नाही. या घरांतील शोक अजून अर्धवट राहिलेला आहे, कारण त्याला निरोपाचा क्षण मिळाला नाही.

भटोबासांना तो क्षण नव्हता. त्यांना काय मिळाले? त्यांना आज्ञा मिळाली. स्वामींनी त्यांना ऋद्धिपूरास श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी जाण्यास सांगितले होते. सध्याच्या अमरावती जिल्ह्यातील त्या गावी भक्तपरिवार जमला आणि सुमारे तेरा-चौदा वर्षे श्रीप्रभूंच्या सेवेत राहिला. श्रीप्रभूंची सेवा सोपी नव्हती. त्यांची लीळा अवधूताची. कधी खेळतील, कधी रागावतील, कधी अवेळी काही मागतील. त्यांचा अवसर सांभाळताना सेवकाला आपल्या दुःखात बसून राहण्यास सवड मिळत नसे. मनाला सेवेचा खुंटा मिळाला. दुःख होतेच, पण ते त्या खुंट्याला बांधले गेले.

अर्जुनाला श्रीकृष्णांनी बंधूंना धीर देण्याचे काम सांगितले आणि भटोबासांना स्वामींनी श्रीप्रभूंच्या सेवेस पाठविले. दोन्ही ठिकाणी शोकग्रस्ताला एकटे ठेवलेले नाही. त्याला कोणाच्या तरी जवळ पाठविले आहे आणि तेथे गेल्यावर करावयाचे काम दिले आहे.

स्मरणाचा ग्रंथ होतो

ऋद्धिपुरात असतानाच दुसरी गोष्ट घडली. भटोबास एकांतात बसून स्वामींच्या लीळांचे स्मरण करीत. असन्निधानी नाम, लीळा, मूर्ती, चेष्टा यांचे स्मरण हेच साधन. सराळ्याचे म्हाइंभट हे मोठे पंडित. एके काळी ते वादासाठी स्वामींकडे आले होते आणि शरण जाऊन राहिले होते. भटोबासांचे हे स्मरण पाहून त्यांच्या मनात आले की हे एकाच्या अंतःकरणात राहिले तर त्याच्याबरोबर जाईल. लीळा एकत्र करून त्यांचा ग्रंथ करावा. भटोबासांनी अनुमती दिली. वाजेश्वरीच्या स्थानी बसून लीळा सांगितल्या गेल्या आणि लिहिल्या गेल्या. शिवाय ज्या लीळा ज्याच्यासमोर घडल्या त्याला विचारून म्हाइंभटांनी त्या पडताळून घेतल्या. शके १२०० च्या सुमारास, म्हणजे स्वामींच्या गमनानंतर अवघ्या चार-पाच वर्षांत, लीळाचरित्र आकारास आले. मराठी गद्याचा हा पहिला मोठा ग्रंथ वियोगाच्या घरात जन्मला, हे अभ्यासकांनी कधी विसरू नये.

लीळाचरित्र उघडले म्हणजे त्यात मोठे सिद्धांत आहेत तसे लहान तपशीलही आहेत. स्वामी कोणत्या झाडाखाली बसले, कोणत्या देवळात उतरले, काय आरोगिले, कोणाला कोणत्या शब्दांनी हाक मारली, हे सर्व त्यात येते. वरवर पाहणाऱ्याला वाटते, एवढे बारीकसारीक कशासाठी? ज्याचे जिवलग गेले आहे त्याला हे विचारावे लागत नाही. गेलेल्याचे मोठे पराक्रम तितकेसे आठवत नाहीत. त्याची बसण्याची तऱ्हा आठवते, भाकरी मोडण्याची लकब आठवते. म्हाइंभटांनी या लहान गोष्टींना कमी लेखले नाही. पुढे स्थानपोथीत स्वामींच्या वास्तव्याच्या गावांतील स्थाने नोंदविली गेली, आणि आजही पंथीय त्या ओट्यांना वंदन करतात.

या स्मरणाची परीक्षा पुढे आणखी एकदा झाली. चौदाव्या शतकाच्या आरंभी खालशाची धाड आली आणि लीळाचरित्राची मूळ पोथी नाहीशी झाली, असे पंथपरंपरा सांगते. एकदा स्वामींचा वियोग झाला होता, आता त्यांच्या स्मरणाचाही वियोग झाला. तेव्हा ज्यांना ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांनी त्या पुन्हा सांगितल्या. दामोदर पंडितांच्या पत्नी हिराइसा यांचा पाठ त्यांत प्रसिद्ध आहे. निरनिराळ्या पाठांत भेद राहिले, तरी ग्रंथ जगला. जे अनेकांच्या मुखी वाटून ठेवलेले असते ते एका धाडीने संपत नाही. दुःखी घरासाठी यातील बोध सरळ आहे. गेलेल्याची आठवण एकट्याने पोटात दाबून ठेवू नये, ती घरातल्यांत वाटावी. आजोबांविषयी नातवांना सांगावे. वडिलांचे नाव काढताच घरात शांतता पसरते, अशी घडी बसू देऊ नये.

येथे कोणी शंका घेईल.

शंका : जीवाचे स्मरण हे साधन नव्हे. मग गेलेल्या माणसाच्या आठवणी सांगत बसणे म्हणजे मोहच नव्हे काय?

समाधान : जीवाचे स्मरण हे साधन नव्हे, हे खरे. मृताच्या तसबिरीला देव करून पुजू नये, त्याच्या नावाने नवस बोलू नये. पण कृतज्ञता हा मोह नव्हे. ज्या आईच्या हाताने नामस्मरणाची गाठी प्रथम हाती आली तिची आठवण ही अखेर नामाकडेच नेते. वासनिकाने आठवणीला असे वळण द्यावे : हे माणूस परमेश्वराने आपल्याला इतकी वर्षे दिले, त्याच्यात हे गुण होते, त्यातला एक गुण आपण चालवू. अशा रीतीने जीवाची आठवण परमेश्वराच्या उपकाराच्या स्मरणात विरून जाते. हे एका दिवसात होत नाही, म्हणून आठवण दाबून टाकण्याचाही प्रयत्न करू नये.

पोरके आणि एकाकी

शोकाचा सर्वांत मोठा भार दोघांवर पडतो, पोरक्या मुलांवर आणि विधवेवर. या दोघांविषयी पंथाच्या इतिहासात दोन उजळ ठिकाणे आहेत.

श्रीगोविंदप्रभूंचे मातापिता त्यांच्या बालपणीच गेले. नातलगांनी त्यांना ऋद्धिपुरी आणून वाढविले. लौकिक दृष्टीने पाहिले तर ते पोरके बालक. पुढे तेच राऊळ साऱ्या ऋद्धिपुराचे मायबाप झाले. संकट आले, आजार आला, पाणी आटले, भांडण झाले, तरी गावकरी राऊळांकडेच धाव घेत. परमेश्वरावताराची ही लीळा आहे, तिची तुलना कोणा जीवाशी करावयाची नाही. पण अवतारानेही पोरकेपण अंगीकारले हे पोरक्या मुलाला सांगण्यासारखे आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याजवळ नेले आणि त्यांचे शिक्षण पूर्ण केले. हे काम अन्य धर्मीयांनी केले म्हणून त्याचे मोल कमी होत नाही. पोरक्याला छत्र देणे ही सेवा कोणीही करो, ती वंद्यच आहे, आणि पंथातील मठांनी व संपन्न वासनिकांनी तीतून बोध घ्यावा.

दुसरे ठिकाण महदाइसांचे. त्यांना बालपणीच वैधव्य आले. तेराव्या शतकात बालविधवेच्या वाट्याला काय येत असे हे सांगावयास नको. मंगल कार्यात तिने पुढे यावयाचे नाही, ही लोकरीत. स्वामींच्या सन्निधानी महदाइसा आल्या आणि तेथे त्यांच्या प्रश्नांना उत्तरे मिळू लागली. लीळाचरित्रात सर्वाधिक चिकित्सेने प्रश्न विचारणाऱ्यांत त्यांची गणना होते. पुढे ऋद्धिपुरी श्रीप्रभूंच्या विवाहलीळेच्या प्रसंगी धवळे गाण्याचा मान याच महदाइसांना मिळाला. धवळे ही लग्नातील गाणी. विषय श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचा. जिला लोक लग्नमंडपाबाहेर उभे करीत तिच्याच मुखातून परमेश्वराने लग्नगीते गाऊन घेतली, आणि मराठीची आद्य कवयित्री म्हणून तिचे नाव राहिले.

आज कळंब, केज, वाशी या भागांत पतीच्या निधनानंतर शेती, कर्ज आणि लेकरे एकटीने सांभाळणाऱ्या स्त्रिया गावोगावी आहेत. त्यांच्या कपाळाकडे पाहून त्यांना हळदीकुंकवातून, लग्नकार्यातून मागे सारले जाते. ज्या पंथात महदाइसांनी धवळे गाइले त्या पंथाच्या वासनिकाच्या घरी असे घडता कामा नये. विधवा सुनेच्या हाताने देवपूजेचा अवसर करविणे, तिला पारायणात पुढे बसविणे, हे तिचे खरे सांत्वन होय.

दुसरा प्रश्न : त्या जीवाचे काय झाले?

शास्त्र सांगते की जीव आपल्या कर्माप्रमाणे स्वर्ग, नरक, कर्मभूमी येथील फळे भोगतो, आणि मोक्ष परमेश्वराच्या कृपेनेच लाभतो. पण अमुक एक जीव कोठे गेला हे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे? तो महंताला नाही, शास्त्र्याला नाही, शेजाऱ्याला तर नाहीच. जीवाच्या अंतरात अखेरच्या क्षणी काय आले हे एक परमेश्वर जाणतो. जेथे शास्त्राने मौन धरले तेथे निरूपण करणाऱ्यानेही मौन धरावे. कोणी निश्चयाने वाईट गती सांगू लागला तर तो अधिकाराबाहेर बोलतो, आणि कोणी द्रव्य घेऊन निश्चयाने चांगली गती देऊ लागला तर तोही अधिकाराबाहेर बोलतो.

जे निश्चयाने सांगता येते ते असे. परमेश्वराला जीवोद्धरणाचे व्यसन आहे. जीव त्याला विसरतो, तो जीवाला विसरत नाही. त्याचसाठी तो मायापूर स्वीकारून अवतरतो. आणि ज्या जीवाने या जन्मी थोडे जरी ज्ञान घेतले, नाम घेतले, त्याचे ते वाया जात नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने हाच प्रश्न विचारला आहे : जो या वाटेला लागला पण पोहोचण्यापूर्वीच ढळला, तो फुटलेल्या ढगासारखा दोन्हीकडून नाहीसा होतो काय? श्रीकृष्णांनी उत्तर दिले की चांगले करणाऱ्याची दुर्गती होत नाही. तो पुन्हा योग्य घरी जन्म घेतो आणि जेथे थांबला होता तेथून पुढे चालतो. अकाली गेलेल्या तरुण वासनिकाच्या मातापित्यांना यापेक्षा मोठा आधार कोणता द्यावा?

शंका : ज्याने स्वतःच आपले जीवन संपविले त्याचे काय?

समाधान : नापिकी आणि कर्ज यांच्या दडपणाखाली जीवन संपविणाऱ्या शेतकऱ्यांची घरे या जिल्ह्यात अनेक आहेत, म्हणून हा प्रश्न टाळता येत नाही. नरदेह हा ज्ञानप्राप्तीसाठी मिळालेला दुर्लभ देह आहे. तो टाकणे योग्य नव्हे, हे शास्त्रमत जिवंतांना स्पष्ट सांगावे, कारण त्यांना वाचवावयाचे आहे. पण जो गेला त्याच्या घरी बसून त्याचा दोष मोजू नये. अति दुःखाने ज्याची बुद्धी झाकोळली त्याच्या कर्माचा हिशेब करणारा परमेश्वर आहे, आणि तो कृपाळू आहे. त्या घराला गावाची कुजबुज ऐकू येत असते. तेथे मठाकडून आलेल्याचे मौन आणि जवळ बसणे हेच निरूपण. तसेच त्या घरात आणखी कोणी, आता जगून काय करू, असे बोलत असेल तर ते शोकाचे बोलणे म्हणून सोडून देऊ नये. त्याला एकटे ठेवू नये आणि विनाविलंब वैद्यकीय मदत मिळवून द्यावी. औषध घेणे हा श्रद्धेचा अभाव नव्हे.

तिसरा प्रश्न : आता आपण काय करावे?

याचे उत्तर वरील विवेचनात आलेच आहे. आचाराच्या सोयीसाठी ते एकत्र मांडतो.

पहिले, नाम सोडू नये. नामस्मरणाला सुतक नाही. दुःखामुळे चित्त लागत नाही अशी अनेकांची तक्रार असते. चित्त न लागता घेतलेले नामही घ्यावे. गाठी हातात धरून नुसते बसले तरी चालेल. पाऊस नसताना नांगरून ठेवलेले शेतच पुढे पहिले पाणी पिते.

दुसरे, सन्निधान शोधावे. शक्य असेल तेव्हा मठात, साधूंच्या संगतीत जावे. ऋद्धिपूर, पैठण, डोमेग्राम अशा स्थानांच्या वंदनास जावे. तेथे प्रत्येक ओटा एका वियोगानंतर जपलेल्या स्मरणाची खूण आहे. दुःखी माणसाला तेथे आपण परके वाटत नाही.

तिसरे, गेलेल्याचे अपुरे राहिलेले काम उचलावे. त्याने कोणाचे देणे द्यावयाचे होते ते द्यावे. त्याने कोणाशी अबोला धरला होता तो सोडवावा. त्याने लावलेल्या झाडाला पाणी घालावे. ज्यांना अन्नदान करावयाचे असेल त्यांनी भुकेल्याला करावे आणि ते परमेश्वराला अर्पण करावे. अन्य देवतांच्या विधीसाठी कर्ज काढण्यापेक्षा मुलांची फी भरणे हे त्या जीवाविषयीचे मोठे प्रेम आहे.

चौथे, आपल्यासारख्याच दुसऱ्या दुःखिताकडे जावे. अर्जुनाला मिळालेली आज्ञा ही. ज्या आईने मूल गमावले तीच दुसऱ्या आईजवळ जाऊन न बोलता बसू शकते. तिच्या बसण्यात जे असते ते कोणत्याही शास्त्र्याच्या बोलण्यात नसते.

सांत्वनास जाणाऱ्या साधूंसाठीही दोन शब्द आवश्यक आहेत. प्रथम ऐकावे, मागाहून बोलावे. देह नश्वर आहे हे घरच्यांना ठाऊक असते, ते नुकतेच त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. संस्कृत वचनांचा मारा करू नये. स्वामींनी मराठीतून बोध केला आणि भटोबासांनीही साध्या भोळ्या स्त्रीपुरुषांना कळावे म्हणून मराठीचाच आग्रह धरला. दुःखाची भाषा तर घरचीच असते. आणि पहिल्या आठ दिवसांत जाऊन आलो म्हणजे कर्तव्य झाले असे समजू नये. तीन महिन्यांनी जावे, पहिल्या दिवाळीला जावे, वर्ष भरते त्या दिवशी जावे. त्या वेळी दुसरे कोणी येत नसते.

उपसंहार

श्रीगोविंदप्रभूंचेही प्रयाण इ. स. १२८७ च्या सुमारास झाले. भक्तपरिवाराला दुसऱ्यांदा पोरके व्हावे लागले. पहिल्या वियोगाने दुःखाची सवय होते आणि दुसरा वियोग हलका जातो, असे घडत नाही, आणि तसे घडलेही नाही. पण या वेळी वाट माहीत होती. म्हाइंभटांनी पुन्हा लेखणी घेतली आणि श्रीप्रभूंच्या लीळांचे चरित्र सिद्ध केले. भटोबासांनी परिवार एकत्र ठेवला, आचार चालविला, नव्याने आलेल्यांना ज्ञान सांगितले. आज पंथ जिवंत आहे तो त्या दोन वियोगांनंतर जे लोक काम टाकून बसले नाहीत त्यांच्यामुळे.

कळंबचा वासनिक मठातून परत निघतो तेव्हा त्याचे माणूस परत मिळालेले नसते. घरी चहाचा तो जास्तीचा पेला आणखी काही दिवस मांडला जाईलच. तो पेला परत ठेवू नये. शेजारी कोणी एकटे म्हातारे माणूस असेल, त्याला बोलवावे आणि तो त्याच्या हाती द्यावा. येथून आरंभ करता येतो.

॥ श्रीचक्रधरार्पणमस्तु ॥ दंडवत प्रणाम ॥